कमावलेली विद्या

जुन्या इंग्रजी ग्रंथांतून ‘ॲक्वायरमेंट’ हा शब्द अधूनमधून भेटतो. आज तो क्वचितच कोणाच्या तोंडीं येतो. शिकून, सराव करून अंगीं आणलेलें कौशल्य, असा त्याचा अर्थ. डॉ. जॉन्सन यांनीं इ. स. १७५५ च्या आपल्या कोशांत हा शब्द निसर्गदत्त देणगीच्या उलट अर्थानें वापरणें योग्य, असा निर्वाळा दिला आहे. गोड गळा ही देणगी. सुरांत गाणें ही ‘ॲक्वायरमेंट’.

मराठींत यास काय म्हणावें? कौशल्य, नैपुण्य, हुन्नर हे शब्द चटकन् सुचतात. ‘कुशल’ शब्दाची परंपरागत व्युत्पत्ति तर हाताच्या कामाचीच आहे: हात न कापतां दर्भ तोडून आणणारा, तो कुशल. परंतु मूळ अर्थाच्या सर्वांत जवळचा शब्द म्हणजे ‘कसब’. तो अरबींतला असून मिळविणें, कमावणें हा त्याचा धात्वर्थ आहे. इंग्रजी शब्दाच्या मुळाशीं असलेलें लॅटिन क्रियापदही मिळविणें याच अर्थाचें. एकमेकींपासून दूरच्या दोन भाषांनीं कौशल्याला एकच नांव दिलें: कमाई. पेठेच्या गांवास आपण ‘कसबा’ म्हणतों, त्या शब्दाचा अरबी धातु मात्र निराळा आहे, हें जातां जातां सांगतों.

पण ही कमाई दुहेरी आहे. माणूस कसब कमावतो आणि कसबावर पैसाही कमावतो. यांतील कोणती कमाई शिक्षणाची? या प्रश्नाचा सर्वांत मोठा खल झाला तो वर्धा जिल्ह्यांत.

वर्ध्यापासून अकरा मैलांवरील देवळी ही काळ्या भुईंतील जुनी कपाशीची पेठ. अमेरिकेंतील यादवीमुळें (१८६१–६५) इकडील कापसास परदेशांत भाव आला. पाठोपाठ आगगाडी आली. कापूस लँकेशायरला जाऊं लागला, गिरण्यांचें सूत आणि कापड इकडे येऊं लागलें. शेतांत कापूस राहिला, परंतु सूत काढण्याचें कसब हळूहळू घराबाहेर गेलें. पिढ्यान् पिढ्यांची ही मिळकत कोणत्याही जमाखर्चांत नोंदली गेली नाहीं.

या पार्श्वभूमीवर २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजीं वर्ध्यास गांधीजींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षण परिषद भरली. सात ते चौदा वर्षांच्या मुलांस मातृभाषेंतून आणि एखाद्या हस्तोद्योगाच्या द्वारें शिक्षण द्यावें, ही त्या योजनेची मध्यवर्ती कल्पना. मुलांच्या कामाच्या उत्पन्नांतून शिक्षकाचें वेतन निघावें, अशीही गांधीजींची अपेक्षा होती. प्रा. के. टी. शाह यांना हा स्वावलंबनाचा मुद्दा पटला नाहीं. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनें योजनेस आकार दिला. मात्र आर्थिक बाजूवर भर पडून शैक्षणिक हेतूचा बळी जाण्याचा धोका आहे, असा इशाराही आपल्या अहवालांत दिला.

पुढें सेवाग्रामास हिंदुस्थानी तालीमी संघानें ‘नयी तालीम’ चालविली. मराठी माणसास तालीम म्हटलें कीं लाल माती आणि घाम आठवतो. अरबींत त्याचा अर्थ शिकविणें. आमच्या आखाड्यानें त्यांत रोजच्या मेहनतीची भर घातली. स्वातंत्र्यानंतर मूलोद्योगी शाळा वाढल्या, आणि पुढें मागेंही पडल्या. कोठारी आयोगानें (१९६४–६६) ‘कार्यानुभवा’चा पुरस्कार केला, पण अनेक शाळांत तो वेळापत्रकांतला एक तास होऊन बसला. कारागिराच्या हातांची आम्हीं तोंडभरून स्तुति केली, परंतु विद्येच्या पंक्तींत त्यास पंडिताच्या खालींच बसविलें.

टकळीवर बसलेल्या मुलाच्या सुताला बाजारांत फारसें मोल येत नाहीं. पण धागा कोठें जाड झाला, हें बोटांना डोळ्यांच्या आधीं कळूं लागतें, तें कोण विकत घेणार? म्हणून कसोटी सोपी आहे. काम संपल्यावर केवळ सूत कोठारांत उरलें, तर ती मजुरी झाली. कसब मुलाच्या बोटांत उरलें, तर तें शिक्षण झालें. देणगी देणाऱ्याची असते. कमाई मात्र कमावणाऱ्याची. तीस विद्या म्हणावयाचें कीं नाहीं, एवढेंच ठरविणें आपल्या हातीं आहे.