२३ डिसेंबर १९७० : ‘नटसम्राट’चा पहिला प्रयोग

वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’चा पहिला प्रयोग या दिवशी मुंबईत बिर्ला मातुश्री सभागृहात झाला. संस्था दि गोवा हिंदू असोसिएशन, दिग्दर्शक पुरुषोत्तम दारव्हेकर. गणपतराव बेलवलकर होते डॉ. श्रीराम लागू, तर गणपतरावांची पत्नी कावेरी होत्या शांता जोग.

शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’शी नाटकाचं नातं आहे, पण इथे राज्य नाही, वादळी माळ नाही. निवृत्त नट गणपतराव आपलं सगळं मुलांना वाटून टाकतो आणि त्यांच्याच घरात अडगळ होतो. लेकीच्या घरी त्याच्यावर चोरीचा आळ येतो, तिथे हा माणूस आतून मोडतो. पुढे कावेरी जाते आणि तो बूटपॉलिशवाल्या पोराच्या आधाराने रस्त्यावर दिवस काढतो. शेवटी सीझर, ऑथेल्लो, ‘एकच प्याला’तला सुधाकर या जुन्या भूमिका त्याच्या मनात एकमेकींत मिसळतात. आपण कोण, याचं भान सुटत जाताना भाषेवरची हुकमत मात्र सुटत नाही. नाटकाचं खरं सामर्थ्य मला इथेच दिसतं.

लागूंनी कान-नाक-घसा तज्ज्ञाचा व्यवसाय सोडून पूर्णवेळ रंगभूमी धरली, त्याला तेव्हा फार काळ लोटला नव्हता. मन ढासळलेला माणूस त्यांनी याआधीही, वसंत कानेटकरांच्या ‘वेड्याचं घर उन्हात’मध्ये रंगवला होता.

‘नटसम्राट’ला १९७४ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ज्या वाचकांनी फक्त त्यातली स्वगतं ऐकली असतील, त्यांनी हे नाटक एकदा सलग वाचावं.