बीटी कापूस आणि मेरी-डेल चिल्टन

हंगाम जवळ आला की आपल्याकडे बीटी बियाण्यावरून वाद सुरू होतो. कुणी कंपनीला शिव्या घालतं, कुणी सरकारला. पण परक्या जिवाचा जीन झाडात जातो कसा, हे शोधलं कुणी? त्यातलं एक मोठं नाव म्हणजे मेरी-डेल चिल्टन.

जन्म १९३९, अमेरिकेतल्या इंडियानापोलिसचा. १९६७ साली रसायनशास्त्रात पीएचडी. झाडाच्या खोडावर गाठी आणणारा अ‍ॅग्रोबॅक्टेरियम नावाचा मातीतला जिवाणू आहे. तो आपला डीएनए झाडात घुसवतो, असं काही जण म्हणत होते. बाईंना ते पटलं नव्हतं. खोटं ठरवायचं म्हणूनच त्या कामाला लागल्या. पण १९७७ मध्ये सिएटलला नेस्टर आणि गॉर्डन यांच्यासोबत त्यांनी पुरावा दिला तो उलटा. गाठीच्या पेशीत जिवाणूच्या डीएनएचा तुकडा खरंच सापडला!

मग सेंट लुईसला त्यांच्या चमूने त्या तुकड्यातले गाठ आणणारे जीन निकामी केले आणि त्यात बाहेरचा जीन बसवला. १९८३ साली तंबाखूचं रोप तयार झालं. बेल्जियममध्ये मार्क व्हॅन माँटेग्यू आणि मोन्सँटोत रॉबर्ट फ्रेली यांचे चमूही त्याच सुमारास तिथे पोचले. बाई त्याच वर्षी विद्यापीठ सोडून सिबा-गायगी कंपनीत गेल्या. २०१३ चा जागतिक अन्न पुरस्कार तिघांना मिळून मिळाला.

मोन्सँटोने याच वाटेने बोंडअळी मारणारा जीन कापसात घातला. मार्च २००२ मध्ये आपल्या जालन्याच्या महिकोमार्फत तो भारतात मंजूर झाला.

पुढचं आपण भोगलंच आहे. २०१७ ला गुलाबी बोंडअळीने बोंडं पोखरली. अळी विषाला सरावते, हे शास्त्रज्ञांना आधीपासून माहीत होतं. म्हणून तर ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणं दिलं जायचं, कडेने लावायला. किती जणांनी लावलं? ते का लावायचं, हे बांधावर येऊन सांगितलं किती जणांनी?

आणि आपल्याकडे बीटी आलं ते बहुतेक संकरित वाणांत, म्हणजे दरवर्षी बियाणं विकत घ्या. हे काही प्रयोगशाळेत ठरलेलं नाही. ते धंद्याने आणि धोरणाने ठरवलं. तेव्हा मित्रांनो, यंदा भांडायचंच असेल तर जीनशी भांडू नका. सरळ वाणाचं बीटी बियाणं, घरी राखून ठेवता येईल असं, आम्हाला का मिळालं नाही, हे कृषी खात्याला विचारा.