क्लीनरूमचा पोशाख : रक्षण कोणाचे?

ज्या बंदिस्त खोलीतील हवेतल्या सूक्ष्म कणांची संख्या ठरावीक मर्यादेत राखली जाते तिला क्लीनरूम म्हणतात, आणि तेथे शिरताना विशिष्ट पोशाख विशिष्ट क्रमाने चढवण्याच्या शिस्तीला गाऊनिंग. या शिस्तीची मुळे शस्त्रक्रियागृहात सापडतात. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात १८९० च्या सुमारास शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड यांनी पातळ रबरी हातमोजे करवून घेतले, ते जंतुनाशक रसायनाने परिचारिका कॅरोलाइन हॅम्प्टन यांच्या हातांची त्वचा खराब होत होती म्हणून. त्यात रुग्णाचेही हित आहे, हे पुढे उमगले. बोलताना उडणाऱ्या तुषारांतून जंतू पसरतात हे जीवाणुशास्त्रज्ञ कार्ल फ्ल्युग्गे यांनी दाखवल्यावर १८९७ मध्ये ब्रेस्लाउ येथे शल्यविशारद मिकुलिच यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी तोंडावर विरळ विणीचे कापड बांधण्यास आरंभ केला, आणि पोशाखाचा रोख परिधान करणाऱ्याकडून समोरच्या रुग्णाकडे वळला.

कारखान्यात हा विचार रुजला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. दुसऱ्या महायुद्धातील अणुबॉम्ब प्रकल्पात किरणोत्सारी धूळ अडवण्यासाठी विकसित झालेल्या हेपा गाळण्यांचा उपयोग करून अल्बुकर्क येथील सँडिया प्रयोगशाळेतील भौतिकशास्त्रज्ञ विलिस व्हिटफील्ड यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी अशी खोली उभारली, की जिच्यात गाळलेली हवा एकाच दिशेने संथपणे वाहत राहून कण सतत बाहेर वाहून नेई. डिसेंबर १९६३ मध्ये अमेरिकेने ‘फेडरल स्टँडर्ड २०९’ हे मानक काढले. त्यातील ‘क्लास १००’ म्हणजे एका घनफूट हवेत अर्ध्या मायक्रॉनचे किंवा त्याहून मोठे कण शंभरापेक्षा अधिक नसणे.

हवा अशी निर्मळ झाल्यावर कणांचा मोठा उगम उरला तो माणूसच, कारण त्वचेचे पापुद्रे, केस आणि कपड्यांचे धागे त्याच्या प्रत्येक हालचालीबरोबर गळत असतात. म्हणून आधी टोपी व मास्क, मग डोक्यावरील आवरण, त्यानंतर जमिनीला न टेकवता चढवायचा अखंड पोशाख, सीमारेषा म्हणून ठरवलेल्या बाकावर बसून घालायचे बूट आणि शेवटी बाह्यांवर ओढायचे हातमोजे, असा वरून खाली जाणारा क्रम रूढ झाला. वरून गळलेले कण आधीच चढवलेल्या स्वच्छ वस्त्रावर पडू नयेत, हा त्यामागचा हेतू.

मात्र हा पोशाख रक्षण करतो ते उत्पादनाचे. हेपा गाळणी कण अडवते, बाष्प नव्हे, आणि क्लीनरूममधील बरीचशी हवा पुन्हा पुन्हा फिरवली जाते; त्यामुळे कामात वापरलेल्या रसायनांचे बाष्प आतच फिरत राहू शकते. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात मॅसॅच्युसेट्समधील, आणि १९९२ पर्यंत अन्यत्रच्या, क्लीनरूम वापरणाऱ्या सेमीकंडक्टर कारखान्यांतील अभ्यासांत काही विभागांतील स्त्री कामगारांमध्ये गर्भपाताचे प्रमाण अधिक आढळले. संशयाची सुई ग्लायकॉल ईथर वर्गातील द्रावकांकडे वळली, आणि उद्योगाला ते टप्प्याटप्प्याने दूर करावे लागले. तेव्हापासून आम्लरोधक एप्रन, चेहऱ्यावरील ढाल आणि बाष्प ओढून घेणारी यंत्रणा यांचा विचार गाऊनिंगपासून वेगळा, पण तितक्याच काटेकोरपणे करणे आवश्यक मानले जाऊ लागले. कारण कणमुक्त हवा श्वसनासाठी निर्धोक असतेच असे नाही.