गाण्यावरून झालेली शिरगणती

एखाद्या गाणाऱ्या पक्ष्याच्या संपूर्ण प्रजातीची शिरगणती करता येते का? १९५१ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात ती झाली. पक्षी होता कर्टलंडचा वॉर्बलर. आपल्या वटवट्यासारखा चिमुकला, पिवळ्या पोटाचा. हिवाळा बहामा बेटांवर काढून तो विणीसाठी मिशिगनच्या कोवळ्या जॅक पाइनच्या रानांत येई. गणनेचे सूत्रधार हॅरल्ड मेफिल्ड हे हौशी अभ्यासक; पक्षिशास्त्र हा त्यांचा पेशा नव्हे.

नराचे गाणे दूरवर ऐकू येते. म्हणून निरीक्षक, आणि त्यांत स्वयंसेवक पुष्कळ, रान पालथे घालून गाणारे नर तेवढे मोजत. १९५१ मध्ये ४३२ भरले, १९६१ मध्ये ५०२. १९७१ मध्ये मात्र अवघे २०१!

या २०१ ला अर्थ आला, तो आधीचे दोन आकडे जपलेले होते म्हणून. दफ्तरे चाळणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

कारणे दोन. काउबर्ड हा पक्षी कोकिळेप्रमाणे परक्या घरट्यांत अंडी घालतो. वॉर्बलरची पिल्ले त्यापायी उपाशी मरत. शिवाय जॅक पाइनचे शंकू उघडतात ते आगीच्या धगीने, आणि माणूस तर वणवे विझवत सुटलेला. कोवळे रान उगवणार कोठून?

१९७२ पासून काउबर्ड पकडले जाऊ लागले, पाइनची लागवड झाली, गणना दरवर्षी होऊ लागली. तरीही १९७४ आणि १९८७ मध्ये आकडा १६७ वर घसरला. पुढे तो चढत गेला आणि २०१९ मध्ये संकटग्रस्तांच्या सूचीतून या पक्ष्याचे नाव वगळले गेले. पाइनची लागवड मात्र आजही करावीच लागते.