यादवीचा धडा : अमेरिकेचे युद्ध वर्गात शिकवताना

मराठीत ‘सिव्हिल वॉर’ला आपण यादवी म्हणतो. शब्द महाभारतातला, प्रभासक्षेत्री मद्याच्या धुंदीत एकमेकांवर तुटून पडलेल्या यादवांचा. शब्द झकास आहे, पण अमेरिकेच्या १८६१ ते १८६५ च्या युद्धाला तो चिकटवला की शिकवणारा फसतो. भाऊ भावाशी लढला, दोन्हीकडे शौर्य, दोन्हीकडे अश्रू, एवढेच चित्र मुलांच्या मनात उरते. १८६० च्या खानेसुमारीत मोजलेली जवळजवळ ४० लाख गुलाम माणसे त्या चित्रात कुठेच बसत नाहीत. खुद्द अमेरिकेतही नावावरून तंटा आहे. उत्तरेच्या सरकारी दप्तरात ते ‘बंडाचे युद्ध’, तर दक्षिणेत पुढे रूढ झाले ‘राज्याराज्यांमधले युद्ध’. धड्याची सुरुवात इथूनच करावी. तिन्ही नावे फळ्यावर लिहावीत आणि कोणते नाव कोणाच्या सोयीचे, एवढेच विचारावे.

मी शिक्षक नव्हे, दवाखाना चालवणारा माणूस. आमच्या होमिओपॅथीत रोग्याची हकिकत त्याच्याच शब्दांत उतरवून घ्यायची असते, आणि तीही लवकर. बरा झाल्यावर तोच माणूस निराळे सांगतो. इतिहासात याचा उत्तम नमुना अलेक्झांडर स्टीफन्सचा. हा जॉर्जियाचा पुढारी आधी फुटून निघण्याच्या विरोधात होता, पुढे दक्षिणेच्या नव्या राज्यसंघाचा उपाध्यक्ष झाला. २१ मार्च १८६१ रोजी सव्हाना शहरातल्या भाषणात त्याने स्वच्छ सांगितले, की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही, हीच आपल्या नव्या सरकारची कोनशिला आहे. युद्ध हरल्यावर, १८६८ ते १८७० मध्ये, त्याच गृहस्थाने दोन जाडजूड खंड लिहिले आणि भांडण राज्यांच्या हक्कांचे होते असे मांडले. वर्गाचे दोन गट करावेत. एकाला आधीचे भाषण, दुसऱ्याला नंतरच्या पुस्तकातला उतारा द्यावा आणि वक्त्याचे नाव झाकून ठेवावे. दोन्ही गटांनी आपापले कारण मांडल्यावर नाव उघड करावे. मग मुले आपण होऊनच विचारतील, की मधल्या काळात काय घडले?

राज्यांच्या हक्कांचा मुद्दा निघालाच, तर साउथ कॅरोलायनाचा डिसेंबर १८६० चा जाहीरनामा समोर ठेवावा. त्यातली मोठी तक्रार अशी, की उत्तरेकडची राज्ये आपापले कायदे करून पळालेले गुलाम परत देत नाहीत. म्हणजे दुसऱ्या राज्यांनी आपले हक्क वापरले, याचाच राग! सोळा वर्षांच्या मुलाला ही मेख समजते. काही प्रौढांना मात्र समजून घ्यायची नसते.

मला सर्वांत आवडणारी कृती नकाशाची आहे. सप्टेंबर १८६१ मध्ये अमेरिकेच्या किनारा-सर्वेक्षण खात्याने दक्षिणेचा नकाशा छापला. ज्या जिल्ह्यात लोकसंख्येत गुलामांचे प्रमाण जास्त, त्या जिल्ह्याचा रंग गडद. राष्ट्राध्यक्ष लिंकन तो वारंवार पाहत असत. मुलांना कोरा नकाशा आणि खानेसुमारीचे आकडे द्यावेत, पेन्सिलीने छटा भरायला लावाव्यात आणि विचारावे, की आधी कोण फुटेल? साउथ कॅरोलायना आणि मिसिसिपी, दोन्हीकडे निम्म्याहून अधिक माणसे गुलाम. फुटण्यात पहिले दोन क्रमांक त्यांचेच. मग व्हर्जिनियाचा पश्चिमेकडचा डोंगराळ, फिकट भाग दाखवावा. हा भाग व्हर्जिनियापासून वेगळा झाला आणि २० जून १८६३ रोजी वेस्ट व्हर्जिनिया नावाने स्वतंत्र राज्य बनला. सनावळी पाठ न करताही मुलांनी हे आधीच ओळखलेले असते.

लढायांवर फार वेळ घालवू नये. गेटिसबर्ग आणि विक्सबर्ग सांगितले की पुरे. त्याऐवजी मृत्यू मोजावेत. सुमारे ६ लाख २० हजार सैनिक मेले, असा जुना अंदाज. अलीकडचे अभ्यासक आकडा याहून मोठा धरतात. त्यांतले साधारण दोन तृतीयांश गोळीने मेले नाहीत, तर हगवण, विषमज्वर, हिवताप आणि गोवर यांनी मेले. गावाबाहेर कधी न पडलेली शेतकऱ्यांची पोरे छावणीत एकत्र आली आणि लहानपणी न झालेला गोवर त्यांना तिथे गाठून गेला. शौचाचे खड्डे पाण्याजवळ. शल्यक्रियेतल्या जंतुनाशनावरचे लिस्टरचे लेख निघाले १८६७ मध्ये, युद्ध संपल्यावर. वर्गात तीस मुले असतील तर वीस चिठ्ठ्यांवर रोगांची नावे लिहावीत, दहांवर गोळी, आणि प्रत्येकाला एक उचलू द्यावी. तलवारीचे नाटक बसवण्यापेक्षा ही चिठ्ठी मुलाच्या हातात अधिक वेळ राहते.

नाटकाबद्दल माझे मत कडक आहे. अमेरिकेतल्या काही शाळांत गुलामांच्या लिलावाचे सोंग वर्गात वठवले गेले आणि पालक संतापले, ते योग्यच झाले. विकल्या जाणाऱ्या आईचे दुःख मुलाला ‘अनुभवायला’ लावता येत नाही. शिवाय ती भूमिका कोणत्या मुलाच्या वाट्याला येते, हे वर्गातल्या प्रत्येकाला दिसत असते. त्यापेक्षा फ्रेडरिक डग्लसचे आत्मचरित्र वाचावे. उत्तरेच्या फौजेत भरती झालेल्या सुमारे १ लाख ८० हजार काळ्या सैनिकांविषयी सांगावे. ती माणसे नुसती सोडवली गेली नाहीत, लढलीही.

हे सारे शाळेतच का करायचे, याचे उत्तर युद्धानंतरच्या काळात आहे. दक्षिणेतल्या स्त्रियांची ‘युनायटेड डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसी’ ही संघटना १८९४ साली निघाली. तिच्या एके काळच्या इतिहासकार मिल्ड्रेड रदरफर्ड यांनी पहिल्या महायुद्धानंतर पाठ्यपुस्तके तपासण्याची एक मोजपट्टीच छापली. दक्षिण गुलामगिरी टिकवण्यासाठी लढली असे म्हणणारे किंवा गुलामांच्या मालकाला क्रूर ठरवणारे पुस्तक नाकारा, असा तिचा रोख. रणांगणावर हरलेली बाजू पुढे कित्येक पिढ्या वर्गात जिंकत राहिली. आपल्या सीमाभागात, जिथे एकाच गल्लीतली दोन मुले दोन माध्यमांच्या शाळांत जातात, तिथे पुस्तकाचे वजन फोड करून सांगायला नको.

शेवटचा तास मी आपल्याकडे वळवीन. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली, मँचेस्टरला कापूस मिळेना, आणि मुंबईत पैशाचा पूर आला. आपल्या शेजारच्या धारवाडकडचा कापूस, वऱ्हाड-खानदेशचा कापूस, प्रेमचंद रायचंदांचे शेअरांचे व्यवहार, बॅकबेच्या भरावाची कंपनी. १८६५ मध्ये युद्ध संपल्याची बातमी आली आणि सगळे कोसळले. याच युद्धातून मिळालेल्या गुलामांच्या मुक्तीवरून महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. कापसाच्या भावाची गोष्ट आणि ही अर्पणपत्रिका मुलांना एकाच दिवशी द्यावी. अर्पणपत्रिका मोठी नाही. घंटा होण्याआधी एखाद्या मुलीला ती उभे राहून वाचायला सांगता येते.