घाटावरून जाणारी आकाशवाट

मुंबईहून नागपूरच्या सोनेगाव विमानतळापर्यंत नकाशावर सरळ रेघ ओढली, तर ती बुलढाणा जिल्ह्यात देऊळगाव राजाच्या किंचित उत्तरेकडून प्रवेश करते, चिखली आणि मेहकर यांच्या मधून जाते आणि पातूरच्या बाजूने पुढील मुलखात उतरते. ज्या जिल्ह्यात नियमित प्रवासी वाहतुकीचा विमानतळ आजही नाही, त्याचा भारतीय विमानविद्येच्या इतिहासाशी काही संबंध असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु आकाशातील वाट शोधण्याची साधने कशी बदलत गेली आणि जुन्या, हलक्या विमानात कोणते यंत्र बसवावे हा प्रश्न का अवघड आहे, हे समजून घ्यायचे तर वऱ्हाडच्या या भागासारखे दुसरे उदाहरण मला दिसत नाही.

याचे कारण जिल्ह्याच्या भूमीतच आहे. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यातील सपाट, काळ्या कपाशीच्या रानातून लोहमार्ग जातो; घाटावर अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पाठीवरील पठार आहे, आणि तेथे रूळ नाहीत. ज्या काळात वैमानिकाजवळ होकायंत्र, घड्याळ आणि मांडीवर पसरलेला नकाशा यांपलीकडे साधन नव्हते, त्या काळी लोहमार्ग हाच त्याचा सर्वांत विश्वासू वाटाड्या असे. १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचलेल्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या रुळांवर नजर ठेवून भुसावळहून पूर्वेस निघालेल्या माणसाला मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही स्थानके क्रमाने भेटतात. त्यांतही जलंबला दक्षिणेकडे खामगावची फाटा-लाइन फुटते. कापसाच्या बाजारासाठी १८७० मध्ये घातलेली ही जेमतेम आठ मैलांची शाखा वरून पाहणाऱ्याला निःसंदिग्धपणे सांगते की तू येथे आहेस, कारण तसा आकार त्या टापूत दुसरा नाही. ज्यांनी ती घातली त्यांच्या स्वप्नातही विमान नव्हते.

घाटावर मात्र सरळ वाटेने जाणाऱ्याला अशी खूण मिळत नाही. शेते, ओढे, पावसाळ्यात सारखीच हिरवी आणि उन्हाळ्यात सारखीच करडी दिसणारी माळराने, आणि त्यांतून वळसे घेत निघालेली पैनगंगा. या एकसुरी पटावर एकच अपवाद आहे, तो लोणारचा. उल्कापाताने बसाल्टात पडलेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आणि दीडशे मीटरांच्या जवळपास खोल असे हे वर्तुळ ‘आईन-इ-अकबरी’त नोंदले गेले होते आणि १८२३ मध्ये अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस आले होते. सरळ रेघेपासून ते दक्षिणेस तीस-पस्तीस किलोमीटरांवर राहते. निरभ्र दिवशी डाव्या-उजव्या दोन्ही खिडक्यांतून पाहणाऱ्या वैमानिकाला ते उजवीकडे दूर दिसले तर ठीक. पंखाखाली आले, तर उत्तरेच्या वाऱ्याने त्याला तितके ढकलले आहे असे समजावे. ताशी सव्वाशे ते दीडशे किलोमीटर वेगाच्या विमानाला ताशी वीस किलोमीटरांचा आडवा वारा लागला आणि तो हिशेबात धरला नाही, तर तासाभरात वीस किलोमीटरांची चूक होते. एवढ्या चुकीत घाटावरचे अख्खे परगणे इकडचे तिकडे होतात.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले, तेव्हा त्यांच्या पस मॉथ विमानात बिनतारी यंत्र नव्हते आणि जमिनीवरही दिशा सांगणारे कोणी नव्हते. त्यांच्या धैर्याचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. माझे लक्ष वेधते ते त्यांच्या हिशेबाकडे. यंत्राचे वजन म्हणजे तेवढे टपाल कमी, हा त्या काळचा सरळ व्यवहार होता, आणि किनाऱ्याचा व लोहमार्गाचा आधार असलेल्या दिवसाच्या उड्डाणात तो व्यवहार पत्करण्याजोगा होता.

रात्रीच्या उड्डाणात तो पत्करता येईना. स्वातंत्र्यानंतर दळणवळण खात्याचे मंत्री रफी अहमद किडवई यांच्या कारकीर्दीत, १९४९ च्या जानेवारीत, रात्रीच्या विमानटपालाची योजना अमलात आली. मध्ये खंड पडला, पण त्याच वर्षी ती पुन्हा मार्गी लागली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपूर्वीच आपापल्या दिशेने परतत. मुंबईचे पत्र दुसऱ्या दिवशी सकाळी कलकत्त्यास पोहोचावे, यासाठी बुलढाण्याच्या घाटावरून डाकोटा विमानांची घरघर जात असे. ही बहुतेक विमाने युद्धातील शिल्लक मालाच्या विक्रीतून आलेली होती, आणि त्यांच्याबरोबर युद्धात सर्रास वापरलेला बिनतारी दिक्सूचकही आला होता. नागपूरच्या जमिनीवरील प्रक्षेपकाच्या दिशेने या यंत्राची सुई वळते. सुई समोर ठेवून उडत राहिले की विमान नागपूरवर जाते.

तत्त्व इतके सोपे असले, तरी या सुईला दोन व्याधी होत्या. सूर्यास्तानंतर मध्यम लहरी वातावरणाच्या वरच्या थरांवरून परावर्तित होऊन येऊ लागतात, आणि जमिनीवरून आलेल्या लहरीशी त्यांची मिसळ झाली की सुई डळमळू लागते. दुसरी व्याधी अधिक घातक. वीज चमकली की तिच्यातून निघणारा रेडिओ-स्पंद हा या यंत्राला प्रक्षेपकासारखाच भासतो, आणि सुई नागपूर सोडून वादळाकडे वळते. आषाढात अजिंठ्याच्या रांगेवर गडगडणाऱ्या मेघांच्या रात्री जे यंत्र वाट दाखवण्यासाठी बसवले, तेच नेमके जेथे जाऊ नये तेथे बोट दाखवी. अशा रात्री सुईकडे पाहायचे पण तिच्यावर विसंबायचे नाही, घड्याळाचा आणि होकायंत्राचा हिशेब सोडायचा नाही, ही शिस्त टपालाच्या वैमानिकांनी अंगी बाणवली; आणि पुढील पिढ्यांच्या यंत्रनिवडीत दोन स्वतंत्र साधने असावीत हा जो दंडक दिसतो, त्याचे मूळ अशा अनुभवात आहे असे मी मानतो.

मोठ्या विमानाला हे सर्व परवडते. हलक्या विमानाची गोष्ट निराळी. बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टने बनवलेले आणि १९५८ मध्ये प्रथम उडालेले पुष्पक घ्या. दीडशेहून अधिक पुष्पके देशभरच्या उड्डाण-संस्थांत विद्यार्थ्यांना शिकवीत राहिली. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर कापड, शेजारी-शेजारी दोन आसने, नव्वद अश्वशक्तीचे इंजिन. या जातीच्या पुष्कळ विमानांत विजेची व्यवस्थाच नसे: इंजिनाची ठिणगी मॅग्नेटो स्वतः निर्माण करतो, आणि पंखा हाताने फिरवून इंजिन सुरू करतात. मनोऱ्यावरून हिरवा दिवा स्थिर दिसला तर उतरण्याची मुभा, लाल दिसला तर घिरट्या चालू ठेवण्याचा हुकूम, एवढ्यावर संभाषण संपे.

अशा विमानाला आज पुन्हा उडते करायचे, तर पहिला प्रश्न यंत्राचा नसून विजेचा आहे. जनित्र नसेल तर सर्व भार बॅटरीवर. आणि बोलण्याचे यंत्र ऐकताना थोडी आणि बोलताना तिच्या कित्येक पट वीज खाते. दुसरा प्रश्न मॅग्नेटोचा. त्याच्या तारांना धातूचे वेष्टन नसेल, तर प्रत्येक ठिणगी कानात खरखरते. म्हणून उत्तम यंत्र विकत घेण्याआधी त्या तारा बदलाव्या लागतात. तिसरा प्रश्न होकायंत्राचा. त्याच्याजवळ ध्वनिवर्धकाचे चुंबक किंवा विजेची तार आली की ते ढळते. लोणारच्या मोठ्या मारुतीची मूर्ती चुंबकीय पाषाणाची आहे असे तेथील लोक सांगतात. त्या मूर्तीजवळ होकायंत्र नेऊन पाहावे, तसा अनुभव विमानाच्या फलकावरही येतो. म्हणून नवे यंत्र बसल्यावर विमान मोकळ्या जागी नेऊन, टप्प्याटप्प्याने फिरवून, कोणत्या दिशेला किती चूक पडते याचा तक्ता नव्याने लिहावा लागतो, आणि बदलाला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची मंजुरीही घ्यावी लागते.

यानंतर यंत्राची निवड. आजची संभाषणाची लहर प्रकाशासारखी सरळ जाते. तीन हजार फूट उंचीवर तिची पोहोच, डोंगर आडवा आला नाही तर, सव्वाशे किलोमीटरांच्या आसपास. म्हणजे चिखलीवर असलेल्या पुष्पकाचे औरंगाबादच्या मनोऱ्याशी बोलणे होऊ शकते, मेहकरला पोहोचेपर्यंत ते पोहोचेच्या सीमेवर येते, आणि नागपूर अजून पावणेतीनशे किलोमीटर दूर असते. अधिक शक्तीचे यंत्र घेऊन ही उणीव भरून निघत नाही, उंचीनेच भरते. म्हणून किमती आणि शक्तिमान यंत्रापेक्षा थोडकी वीज घेणारे, स्वच्छ ऐकू येणारे यंत्र या मुलखासाठी श्रेयस्कर. जुना बिनतारी दिक्सूचक मी तरी बसवणार नाही, कारण त्याचे प्रक्षेपक जगभर एकेक करून बंद होत आहेत. त्याच्या जागी उपग्रहाधारित यंत्र आले आहे, आणि भारताने उभारलेल्या गगन या सुधारणा-प्रणालीला २०१३ च्या अखेरीस विमानोपयोगी प्रमाणपत्रही मिळाले. परंतु तेही एकटे पुरे नव्हे. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग आज सिंदखेड राजा आणि मेहकर या तालुक्यांतून, जवळजवळ त्याच जुन्या आकाशवाटेखालून जातो. घाटावर रुळांची जी उणीव होती ती त्याने दीडशे वर्षांनी भरून काढली आहे, आणि पडदा विझला तर ती रेघ खिडकीतून दिसतेच.

राहिला अँटेनाचा प्रश्न, ज्याकडे दुर्लक्ष होते आणि ज्यामुळे सर्वाधिक निराशा पदरी येते. संभाषणाच्या लहरींसाठी तिची लांबी साठ सेंटिमीटरांच्या आसपास असावी लागते, आणि तिच्या पायाशी धातूचा पृष्ठभाग हवा. कापडी विमानाला असा पृष्ठभाग नसतो. म्हणून कापडाच्या आत, नळ्यांना जोडून, अल्युमिनियमचा पातळ पत्रा किंवा ताऱ्याच्या आकारात पसरलेल्या धातूच्या पट्ट्या बसवतात, आणि मगच अँटेनाचे भोक पाडतात.