खाळकुवा : घराचा की गावाचा?

सुरतेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांच्या बोलीत काही गुजराती शब्द असे मुरले आहेत की ते परके वाटतच नाहीत. ‘खाळकुवा’ हा त्यांपैकी एक. ‘खाळ’ म्हणजे मोरी; घरातील सांडपाणी व मैला जिरविणारा खड्डा तो खाळकुवा. घराच्या आठवणी सांगताना आपण ओटीचा, माजघराचा, देवघराचा उल्लेख करतो. परसातील या खड्ड्याचा कोणी करीत नाही. तथापि नगराच्या आरोग्याचा बराचसा इतिहास तेथेच दडलेला आहे.

सुरतेची नगरपालिका 1852 साली स्थापन झाली. त्यानंतरही दीर्घकाळ घरोघरचा मैला माणसांच्या डोक्यावरूनच वाहिला जात होता. 1949 साली मुंबई सरकारने सफाई कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी बर्वे समिती नेमली. सुरत तेव्हा मुंबई राज्यातच होती. डोक्यावरून मैला वाहण्याची प्रथा बंद करावी, असे या समितीने 1952 च्या अहवालात सुचविले. पुढे पाण्याचे संडास आले. जेथे भूमिगत गटार पोहोचले तेथे प्रश्न घराबाहेर गेला. जेथे नाही, तेथे तो अंगणात पुरला गेला.

पुरलेली वस्तू मात्र संपत नाही. सेप्टिक टाकीत घन भाग तळाशी बसतो, काही कुजतो, उरलेला गाळ साचत जातो. दोन-तीन वर्षांनी तो उपसला नाही, तर मैला शोषखड्ड्यात उतरतो, माती तुंबते आणि दूषित पाणी शेजारच्या विहिरीची वाट धरते. टाकी खाजगी खरी, पण तिचा उपद्रव सार्वजनिक!

कायद्याने हे ओळखले होते. सुरत 1966 साली महानगरपालिका झाली. तिला लागू असलेल्या 1949 च्या अधिनियमाने आयुक्तास गटारे व मैलाकुंड्या तपासण्याचे आणि मालकास दुरुस्ती करावयास लावण्याचे अधिकार दिले. पण अधिकार असणे वेगळे आणि नियमाने दार ठोठावणे वेगळे. टाकीची आठवण बहुधा दोनदाच होते : नकाशा मंजूर होताना आणि ती तुंबल्यावर. मधली वीस वर्षे कोणाचीच नसतात.

या संदर्भात 1994 चा सप्टेंबर आठवतो. प्लेग हा उंदीर-पिसवांचा रोग. त्याचे खापर खाळकुव्यावर फोडणे अशास्त्रीय होईल. परंतु त्यानंतर जे घडले ते आपल्या विषयाशी निगडित आहे. मे 1995 मध्ये आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांनी अधिकाऱ्यांना रोज प्रत्यक्ष वस्तीत हिंडावयास लावले. शहर तेच होते, कायदाही जवळजवळ तोच. नवी होती ती देखरेखीची सवय. 2006 साली शहराची हद्द सुमारे 112 वरून 326 चौरस किलोमीटरांवर गेली. अशी हद्द एका आदेशाने वाढते. गटारे एका आदेशाने पोहोचत नाहीत.

तपासणीच्या अभावाची सर्वांत मोठी किंमत मोजतो तो टाकीत उतरणारा माणूस. विषारी वायूने क्षणात प्राण जातो. संरक्षक साधनांवाचून त्याला उतरविणे 2013 च्या कायद्याने गुन्हा ठरविले. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंसाठी दहा लाखांची भरपाई ठरविली. 2023 साली ती तीस लाख झाली. रक्कम वाढवावी लागली, यातच सारे आले.

उपाय अशक्य नाही. सातारा जिल्ह्यातील वाई आणि नाशिक जिल्ह्यातील सिन्नर या लहान नगरांनी तक्रारीची वाट न पाहता ठरावीक वर्षांनी प्रत्येक टाकी यंत्राने उपसण्याची व्यवस्था लावली.

‘खाळे डूचा ने दरवाजा मोकळा’ असे येथे म्हणतात. आपल्याकडे ‘मोरीला बोळा अन् दरवाजा मोकळा’. दोन्ही भाषांना एकच शहाणपण सुचले आहे. आपल्या अंगणातील टाकी शेवटची केव्हा उपसली आणि तीत कोण उतरले, हे ज्या घरास सांगता येते, त्या घराने नागरिकत्वाचा एक धडा गिरविला असे समजावे.